व्ही मारून वेल्डिंग आणि रॉडचा हिशेब



गळीत हंगाम सुरू झाला की गाडीतळावर रोज एखादी तरी ट्रॉली कडेला उभी दिसते. कुणाचा पुढचा दांडा सुटलेला, कुणाच्या चासीचे चॅनेल तुटलेले. जवळ जाऊन पाहावे तर नव्वद टक्के तूट जुन्या वेल्डिंगवरच असते, अशी आमच्या वर्कशॉपमधील मंडळींची नेहमीची तक्रार आहे. टक्केवारी कुणी मोजलेली नाही, पण तुटलेला तुकडा हातात घेतला की कारण डोळ्याला दिसते. वरच्या बाजूला दोन-तीन मि.मी. चकचकीत ताजी तूट, आणि आतला सगळा भाग गंजून तांबडा झालेला. म्हणजे आत लोखंड कधी जुळलेच नव्हते. वरून दिसायला टाका जाडजूड, आत मात्र भेग तशीच राहिलेली.

उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यात तुटली तर खेप वाया जाते, ऊस वाळतो, वजन घटते. हे नुकसान पैशात मोजता येते. उतारावर दांडा सुटला आणि मागून एखादा मोटारसायकलवाला येत असला तर त्याचा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही. म्हणून या अंकात वेल्डिंगचा एक धडा घेत आहोत. सभासदांनी होल्डर हातात धरून वेल्डर व्हावे असा आमचा आग्रह नाही. पण आपल्या दारात काम चालले असता ते बरोबर चालले आहे की नाही, आणि रॉड किती लागायला हवेत, एवढे मालकाला कळलेच पाहिजे.

खाच कशासाठी?

भिंतीला भेग पडली तर चांगला गवंडी काय करतो? सिमेंट घेऊन लगेच वरून फासत नाही. आधी छन्नीने भेग उघडी करतो, तोंड रुंद करतो, मग माल आतपर्यंत ठासतो. वरून फासलेला माल पहिल्या पावसाळ्यात सुटून येतो. लोखंडाचेही तेच.

साध्या हाताच्या वेल्डिंगमध्ये, म्हणजे रॉड लावून करतात त्या वेल्डिंगमध्ये, ठिणगी पत्र्यात फार खोल जात नाही. दोन, फार तर तीन मि.मी. खोलीपर्यंत मूळ लोखंड वितळते. तीन मि.मी.चा पत्रा असेल तर कडेला कड लावून वेल्डिंग चालून जाते. पाच-सहा मि.मी.पर्यंत मध्ये थोडी फट ठेवून दोन्ही बाजूंनी मारले तर निभते. त्यापुढच्या जाडीला कडा तासून खाच करावीच लागते. बारा मि.मी. प्लेट (आपल्याकडे तिला चार सुती म्हणतात) नुसती चिकटवून वरून-खालून टाका मारला तर मधले सहा-सात मि.मी. कोरेच राहतात. आणि ते नुसते कमी पडते असे नाही. ती आतली न जुळलेली जागा म्हणजे तयार भेगच असते. ट्रॉलीला खड्ड्यात गचका बसला की ती भेग जराशी पुढे सरकते, दुसऱ्या गचक्याला आणखी जराशी. असे करता करता एक दिवस तुटते. म्हणूनच अशी तूट वेल्डिंगनंतर लगेच होत नाही, महिना-दोन महिन्यांनी होते आणि तोवर वेल्डरचे पैसेही देऊन झालेले असतात.

ही खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते म्हणून वर्कशॉपमध्ये ‘व्ही मारणे’ असाच शब्द आहे. तिची मापे तीनच आहेत, पण तिन्ही महत्त्वाची.

पहिले, कोन. दोन्ही कडा प्रत्येकी ३० अंशांनी तासायच्या, म्हणजे मिळून खाच ६० अंशांची होते. मुलांच्या कंपासपेटीत ३०-६०-९० चा गुण्या असतो तो लावून पाहावा. वेल्डर हसेल, हसू द्या. कोन यापेक्षा फार अरुंद असला तर रॉड तळापर्यंत पोचत नाही, फार रुंद असला तर माल विनाकारण जातो.

दुसरे, तळाची फट. दोन तुकडे एकमेकांना घट्ट चिकटवायचे नाहीत. दोन-तीन मि.मी. अंतर ठेवायचे, म्हणजे वितळलेले लोखंड पार खालच्या बाजूला उतरते. टाके मारताना मध्ये त्या जाडीची तार किंवा रॉडचा उघडा तुकडा ठेवला की फट सारखी राहते.

तिसरे, तळाची बोथट कड. कडा सुरीसारखी धारदार तासली तर ती पहिल्या फेरीतच जळून भोक पडते. म्हणून खाली एक-दोन मि.मी. कड न तासता सरळ ठेवायची.

दणकट प्लेट असेल, म्हणजे वीस मि.मी. वगैरे, आणि दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल तर दोन्हीकडून अर्धी-अर्धी खाच मारावी. माल वाचतो आणि प्लेट वाकतही नाही. एकाच बाजूने भरलेली खाच थंड होताना आकसते आणि प्लेट त्या बाजूला उचलली जाते, हे सर्वांनी पाहिलेले आहेच.

भेगेची दुरुस्ती असेल तर आणखी एक गोष्ट. भेग जिथे संपते त्या टोकाला आधी ड्रिलने एक बारीक भोक पाडावे, नाहीतर वेल्डिंगच्या उष्णतेने ती पुढे पळते. मग संपूर्ण भेग ग्राइंडरने उघडून काढायची. जुन्या वेल्डिंगवर नवे वेल्डिंग चढवणे हा तर सर्वांत वाईट प्रकार. आधीचा सगळा माल तासून काढल्याशिवाय नवा टाका मारू देऊ नये.

“अण्णा, वरनं दोन जाड टाके मारतो, काय होत नाय!” असे कुणी म्हणाले तर त्याला एवढेच विचारावे, “दादा, व्ही मारलीस का?” अर्धे काम तिथेच होते.

भरायची कशी?

पहिली फेरी बारीक रॉडने, अडीच किंवा ३.१५ मि.मी.च्या. हीच सर्वांत मोलाची, कारण तळ जुळतो तो इथेच. मग ३.१५ किंवा ४ मि.मी. रॉडने एकावर एक फेऱ्या देऊन खाच भरायची आणि शेवटची फेरी प्लेटच्या वर दीड-दोन मि.मी. उचललेली ठेवायची. त्याहून उंच ढीग केल्याने ताकद वाढत नाही. उलट ढिगाच्या कडेलाच पुढे भेग धरते.

प्रत्येक फेरीनंतर वरची काळी खपली, म्हणजे स्लॅग, हातोडीने पाडून तारेच्या ब्रशने जागा चकचकीत करायची. ती आत राहिली तर उसाच्या कांडीत कीड राहावी तशी राहते, बाहेरून काही कळत नाही. दोन्ही बाजूंचे वेल्डिंग असेल तर एक बाजू भरून झाल्यावर मागून ग्राइंडरने निर्मळ लोखंड दिसेपर्यंत तासायचे आणि मगच दुसरी बाजू भरायची. घाईत हीच पायरी गाळली जाते.

करंट साधारणपणे ३.१५ च्या रॉडला ९० ते १३० अँपिअर, ४ च्या रॉडला १३० ते १८० अँपिअर लागतो. आता खेडोपाडी हातात उचलून नेता येणारी इन्व्हर्टर मशीन आली आहेत, ती सोयीची आहेत. पण लहान मशीनवर ४ चा रॉड ओढत बसलेले वेल्डरही आम्ही पाहतो. रॉड चिकटत चिकटत चालला की समजावे, माल वर बसतोय, आत जात नाही.

आता हिशेब

हा भाग शेतकऱ्याला अवघड जायचे कारणच नाही. चारी खोदाईचे मोजमाप आपण ब्रासवर करतो ना? चारीच्या तोंडाचे क्षेत्रफळ काढायचे, त्याला लांबीने गुणायचे. वेल्डिंगची खाच म्हणजे लोखंडातली एक बारीक चारीच. फरक इतकाच की ती आपल्याला भरायची आहे, आणि माती नाही तर लोखंड भरायचे आहे.

बारा मि.मी. प्लेट घेऊ. कोन ६० अंश, फट २ मि.मी., बोथट कड २ मि.मी.

खाचेच्या तोंडाचे तीन भाग होतात. मधली सरळ फट : २ गुणिले १२, म्हणजे २४ चौरस मि.मी. दोन्ही बाजूंचे उतार : तासलेली खोली १० मि.मी. तिचा वर्ग १००, त्याला ०.५८ ने गुणायचे, ५८ आले. (६० अंशांच्या खाचेला हा ०.५८ चा आकडा पाठच करून ठेवावा.) राहिला वरचा उंचवटा. खाचेची वरची रुंदी १३.६ मि.मी. होते. उंचवटा २ मि.मी. आणि तो कमानीसारखा म्हणून दोन तृतीयांश धरायचा, १८ आले. बेरीज २४ अधिक ५८ अधिक १८, म्हणजे बरोबर १०० चौरस मि.मी.

एक मीटर लांबीला १०० घन सेंटिमीटर लोखंड. एक घन सेंटिमीटर पोलादाचे वजन ७.८५ ग्रॅम, म्हणून मीटरला ७८५ ग्रॅम लोखंड खाचेत पडले पाहिजे.

पण एक किलो रॉड आणला म्हणजे एक किलो लोखंड खाचेत पडत नाही. रॉडवरच्या लेपाचा स्लॅग होऊन पडतो, ठिणग्या उडून जातात, होल्डरमध्ये धरलेला दोन बोटांचा तुकडा फेकला जातो. साधारण ६० टक्के धरावेत. ७८५ भागिले ०.६ केले की १३०० ग्रॅम येतात. बारा मि.मी.च्या एक मीटर जोडाला सव्वा ते दीड किलो रॉड असे लक्षात ठेवले तरी चालेल. वर्कशॉपमध्ये सीओटू मशीन असेल तर तारेला लेप नसतो, वाया जाणे फार कमी. तेवढ्याच कामाला साडेआठशे ग्रॅम तार पुरते.

नगावर हिशेब हवा असेल तर तोही सोपा आहे. ४ मि.मी. जाड आणि ४५० मि.मी. लांब रॉडमधली नुसती तार सुमारे ४४ ग्रॅम भरते. पाच सें.मी. तुकडा आणि ठिणग्या वजा जाता साधारण ३४ ग्रॅम खाचेत पडतात. ३.१५ चा ३५० मि.मी. रॉड सुमारे १६ ग्रॅम देतो. म्हणजे वरच्या एका मीटरला ४ चे तेवीस रॉड, किंवा सगळे काम ३.१५ ने केले तर पन्नास.

आता गंमत पाहा. त्याच प्लेटवर वेल्डरने फट २ ऐवजी ५ मि.मी. ठेवली, तुकडे नीट कापले नव्हते म्हणून. मधला भाग ६० झाला, वरचा २२, बेरीज १४०. चाळीस टक्के माल जास्त! कोन ६० ऐवजी ९० झाला तर बेरीज १५३, म्हणजे दीडपट. कापणे आणि तासणे यात अर्धा तास वाचवला की तो रॉडमध्ये, विजेत आणि वेल्डरच्या मजुरीत दुप्पट होऊन परत येतो. वीस मि.मी. प्लेटला एका बाजूने खाच मारली तर २५७ चौरस मि.मी. भरावे लागतात, दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी मारली तर १६७. जाडी वाढते तसा माल वर्गाने वाढतो, हे ध्यानात ठेवावे.

काटकोनात बसवलेल्या पट्टीचे वेल्डिंग खाचेचे नसते, कोपऱ्यातले असते. तिथे टाक्याच्या पायाचा वर्ग करून निम्मा करायचा. ६ मि.मी. टाक्याला १८, ८ मि.मी.ला ३२. एवढेच.

ट्रॉलीचे चॅनेल

शंभर बाय पन्नासचे चॅनेल तुटले असे धरू. उभा भाग साधारण ५ मि.मी. जाड, दोन्ही पाख्या साडेसात. फट २, बोथट कड १ आणि उंचवटा दीड मि.मी. ठेवला तर उभ्या भागाला २६ आणि पाख्यांना ४९ चौरस मि.मी. येतात. लांबी दोन्हीकडे शंभर-शंभर मि.मी. सगळे मिळून साडेसात घन सें.मी., म्हणजे ५९ ग्रॅम लोखंड, म्हणजे ३.१५ चे चार रॉड! टाके आणि वाया गेलेले धरून पाच-सहा समजा.

ज्या जोडावर काही टन ऊस रस्त्याने धावतो, त्याच्यासाठी रीतसर माल लागतो तो एवढाच. व्ही न मारता वरून फासणारा वेल्डर वाचवतो ते फार तर दोन रॉड आणि ग्राइंडरची दहा मिनिटे. घासाघीस करून मजुरी पाडणाऱ्या सभासदांनीही हे मनात आणावे. पैसे कमी केले की आधी गाळला जातो तो ग्राइंडरच.

जोडावर आतून पट्टी ठोकायची असेल तर ती चौकोनी न ठेवता दोन्ही टोके निमुळती कापावीत. चौकोनी पट्टीच्या आडव्या टाक्याशेजारीच चॅनेल पुन्हा तुटते. डाव्या-उजव्या चॅनेलचे जोड समोरासमोर येऊ देऊ नयेत.

उपसा योजनेची पाइपलाइन

ट्रॉलीचा हिशेब चार रॉडचा. पंचगंगा, वारणा, कृष्णाकाठच्या सहकारी उपसा जलसिंचन संस्थांमध्ये आपले पुष्कळ सभासद आहेत, काही संचालकही आहेत. तिथे लोखंडी पाइपलाइनचे काम निघाले की वेल्डिंगचा खर्च डोळ्यात भरण्याइतका होतो, आणि बिल तपासायला कुणाजवळ माप नसते.

बाहेरून ३२४ मि.मी. व्यासाचा, ६ मि.मी. जाडीचा पाइप घ्या. परिघ एक मीटरला थोडा जास्त, १०१७ मि.मी. फट २, बोथट कड दीड आणि उंचवटा दीड. तोंडाचे क्षेत्र ३१ चौरस मि.मी. येते. एका जोडाला सुमारे २४५ ग्रॅम लोखंड, म्हणजे ४१० ग्रॅम रॉड. सहा मीटरचे पाइप असले तर एक किलोमीटरला १६६ जोड. गुणाकार ६८ किलो. टाके, मोडतोड, ओले झालेले रॉड यांसाठी दहा टक्के जास्त धरा, ७५ किलो झाले.

ठेकेदाराने दीडशे किलो लावले तर विचारणा करावी. चाळीस किलो लावले तर जास्तच कडक विचारणा करावी! कारण तेवढ्या मालात तळ भरलेलाच नसतो. पाइप तिरपा कापला गेला आणि फट २ ऐवजी ४ राहिली तर प्रत्येक जोडाला ४५ टक्के माल वाढतो, किलोमीटरला तीस किलोचा फरक पडतो. म्हणून लक्ष ठेवायचे ते जोड मारताना नव्हे, पाइप कापताना आणि जुळवताना.

पाइपच्या खालच्या बाजूचे वेल्डिंग वेल्डरला चरात आडवे होऊन करावे लागते. गळती निघते ती बहुधा तिथूनच. चर जोडाच्या जागी रुंद आणि खोल करून द्यावा, त्याला बसायला जागा मिळाली तर काम आपोआप सुधारते. आणि पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्याशिवाय जोडावर माती ढकलू देऊ नये, मग कुणी कितीही घाई करो.

काही सावधगिरी

ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायचे तर बॅटरीच्या वायरी आधी सोडाव्यात, नाहीतर अल्टरनेटर जातो. अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा. तो एका बाजूला आणि काम चाकाच्या पलीकडे असे झाले तर करंट बेअरिंगमधून फिरतो आणि बेअरिंगच्या गोळ्यांना डाग पडतात. डिझेलच्या टाकीजवळ किंवा डिझेल असलेल्या रिकाम्या पिंपावर टाका मारू नये. रिकामे पिंप भरलेल्यापेक्षा धोक्याचे, आत वाफ असते. आणि ऊस भरलेल्या ट्रॉलीला फडातच टाका मारण्याची सवय सोडा. खाली वाळलेले पाचट, वर वाळलेले पाचट आणि मध्ये ठिणग्या! ट्रॉली मोकळी करून, जागा झाडून, शेजारी पाण्याची घागर ठेवून मगच काम सुरू करावे.

रंग, गंज, ग्रीस, चिखल आधी काढून टाकावा. ओल आणि तेल यांनी वेल्डिंगमध्ये बारीक छिद्रे पडतात.

रॉड घेताना पुडक्यावर आय.एस. ८१४ ची खूण पाहावी. साध्या कामाला ६०१३ जातीचा रॉड चालतो. दांडा, हूक, जाड प्लेट अशा गचके सोसणाऱ्या जागी ७०१८ जातीचा घ्यावा, पण तो वापरण्याआधी भट्टीत सुमारे ३०० अंशांवर तास-दोन तास भाजावा लागतो. उन्हात ठेवून ते साधत नाही. न भाजता वापरला तर जोडात बारीक भेगा पडण्याची भीती राहते, त्यापेक्षा कोरडा ६०१३ बरा. उरलेले रॉड गोठ्यात खताच्या पोत्यांवर ठेवू नयेत. घट्ट झाकणाच्या डब्यात, घरात कोरड्या जागी ठेवावेत. लेप फुगलेला, सोललेला किंवा आतल्या तारेला गंज दिसणारा रॉड सरळ भंगारात टाकावा.